सातवा श्वास

आज पाठीचा वाक कमी दिसला नाही, तर दहा वर्षांच्या रेणूला दिवसभर कडक पट्टा बांधून राहावं लागणार होतं. मोजणीआधी ती व्यायामाला उभी राहिली. अंगातली, व्यायाम करवून घेणारी यांत्रिक बंडी दर श्वासाला तिच्या बरगड्या हलकेच फुलवत होती. सातव्या श्वासाला मात्र बंडीने तिची मान डावीकडे वळवली.

"पुन्हा तेच! सगळ्याच मुलांच्या बंड्या असं करतात," निनाद वैतागला. बंड्या तोच बनवायचा. "प्रमिलाताई, यांत तुमच्याच व्यायामाच्या हालचाली नोंदवून भरल्यात. हे कुठून आलं?"

सत्तरीच्या प्रमिलाताई ओशाळल्या. लहानपणी याच व्यायामाने त्यांची पाठ सरळ झाली होती.

"अरे, आई मला स्वयंपाकघरात व्यायामाला उभं करायची, आणि वर दुधाकडे लक्ष ठेवायला सांगायची. दर सातव्या श्वासाला मी वळून बघायचे."

"म्हणजे राज्यभरातली मुलं तुमचं दूध राखताहेत! काढूनच टाकतो ते."

"नको ना दादा," रेणू म्हणाली. "मान वळली की दबलेल्या बाजूला मस्त हवा जाते."

निनादने मोजणी केली. मागच्या वेळी चोवीस अंश होता तो वाक अठरावर आला होता. पट्टा टळला. निनादने मान वळणं तसंच राहू दिलं.

बंडी काढता काढता रेणूने विचारलं, "आजी, दूध कधी उतू गेलं का हो?"

"एकदाच गं. माझी पाठ सरळ दिसली, त्या दिवशी. आई आणि मी आरशातच बघत राहिलो."