माझा नंबर आहे

"मॅडम, आजपासून तुम्हाला मिळणार नाही," दारूच्या दुकानदाराने जाळीआडून सांगितलं आणि तिच्या मागच्या माणसाला हाताने खूण केली. "हां, तुम्ही बोला."

परदेशी बाई जागची हलली नाही. "त्यांचा नंतर. आता माझा नंबर आहे."

तसं या ओळीचं आणि तिचं कधी जमलंच नव्हतं. तिला पाहिलं की पुरुष बाजूला व्हायचे, "मॅडम, पुढे जा, पुढे जा" म्हणायचे. त्यात आदर किती आणि ही ब्याद लवकर टळावी ही घाई किती, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून ती मुद्दाम शेवटी उभी राहायची. दर शनिवारी, भर उजेडात, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत भाजीवालीशी घासाघीस करून घेतलेला कोबी, अंडी, साबण आणि सगळ्यात वर बीअरच्या दोन बाटल्या. बाकीची मंडळी तीच बाटली कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, चोरीचा माल असावा तशी न्यायची. हिच्या बाटल्या कोबीशेजारून बाहेर डोकावायच्या. गल्लीला खुपत होतं ते नेमकं हेच.

"द्यायचं नाही म्हणून कोणी सांगितलं?"

"तुमच्या घरमालकीणबाईंच्या दिरांनी. मलाही या गल्लीतच धंदा करायचाय." दुकानदाराने आवाज खाली आणला. "लोक बोलतात हो. एकटी बाई आणि दोन-दोन बाटल्या."

उत्तर तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. दुसरी बाटली तिची नव्हतीच, ती घरमालकीण काकूंची होती. शनिवारी संध्याकाळी दोघी गच्चीवर पाय पसरून बसायच्या, आणि पहिल्या घोटानंतर काकू जशा खळखळून हसायच्या तसं हसताना त्यांना खालच्या घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. हे एवढं सांगितलं असतं तर हिची सुटका झाली असती आणि काकूंना गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिने उत्तर गिळलं.

"दोनच पाहिजेत," ती म्हणाली.

"ऐका माझं. तुमची खोली जाईल."

"जाऊ दे. तुम्ही बाटल्या द्या."

भीती वाटत होतीच. त्या खोलीवर आणि त्या गच्चीवर तिचा जीव जडला होता. पण आज इथून हात हलवत परत गेले तर उद्या भाजीवालीसमोरही मान खाली घालावी लागेल, असं तिच्या मनाने घेतलं. तिने दोन्ही कोपर काउंटरवर रोवले आणि खिडकीच अडवून टाकली.

खिडकी एकच. मागची ओळ वाढत वाढत रस्त्यावर आली. झटकन घेऊन पसार व्हायच्या बेताने आलेली माणसं चारचौघांत उघडी पडली. एकाने तोंडाला रुमाल लावला. दुसऱ्याचे सासरे समोरून चालत आले, तर तो खाली वाकून चांगल्या बांधलेल्या बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

"अहो, देऊन टाका की त्यांना," तो खालूनच कळवळला. "आमची का अब्रू घेताय?"

दुकानदाराने घाम पुसला आणि फोन लावला.

थोड्याच वेळात दीर आले, आणि मागोमाग काकूही. हातातलं काम टाकून त्यांना ओढून आणलेलं दिसत होतं, बोटांना कणीक तशीच होती. घर काकूंच्या नावावर होतं, पण त्यात शब्द चालायचा तो दिरांचा.

"वहिनी, सगळ्यांसमोर सांगा हिला," दीर म्हणाले. "संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर म्हणावं. आपल्या घरात असले धंदे चालत नाहीत."

काकूंनी परदेशी बाईकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. तुम्ही काही बोलू नका, मी बघते माझं.

काकूंनी बोटांची कणीक चोळून झाडली. दिरांना वळसा घालून त्या खिडकीपाशी आल्या.

"सरक गं जरा," त्या म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी त्यांनीही कोपर टेकले.

"वहिनी, तुम्ही?" दुकानदाराने जाळीला नाक लावलं.

"दोन द्या," काकू म्हणाल्या. "आणि हात लावून बघा, गार आहेत ना. मागच्या शनिवारी माझी कोमट निघाली होती."