निळी आणि पिवळी

पवनारच्या घाटाकडे उतरताना शेळी आडवी आली आणि धनंजयने सवयीप्रमाणे जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, त्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. शेळी वाचली. ज्याने वाचायला हवं होतं तो मात्र खाली तिरडीवर होता.

धाम नदीच्या काठी जुन्या गाड्यांची रांग लागली होती. सेलू, आर्वी, वर्धा, जिकडून तिकडून मंडळी आली होती; कोणाची अम्बॅसॅडर, कोणाची जीप. घरच्यांना विचाराल तर ही सगळी वाया गेलेली माणसं, भंगाराला तेल पाजणारी. प्रफुल त्यांचा म्होरक्या. काल सेलूच्या वाटेवर त्याची पिवळी गाडी वळणावर थांबलीच नाही, थेट कडुनिंबावर गेली. पेडल तळाला टेकलेलं सापडलं, असं पोलीस म्हणाले.

धनंजयची निळी त्याच सालची, त्याच साच्यातली. "दोघी बहिणी आहेत बे," प्रफुल म्हणायचा. एकीचा भाग दुसरीला बसे. दार, दिवा, आरसा, वीस वर्षं हेच चाललं होतं. ज्याला नड त्याला द्यायचं, विचारायचं नाही, असा दोघांचा नेम होता.

नेम मोडला तो मास्टर सिलेंडरवरून. पायाचा जोर चाकापर्यंत नेणारा ब्रेकचा हा भाग आता कुठे मिळत नाही. महिन्यापूर्वी नागपूरच्या भंगार बाजारात प्रफुलला एक कोरा सापडला. धनंजयचा कधीचाच गेला होता. तीनदा पाय मारल्याशिवाय निळी थांबत नसे. त्याने मागितला. प्रफुल हसून म्हणाला, "पाहू नं," आणि स्वतःच्याच गाडीला लावून मोकळा झाला. धनंजयने बोलणं टाकलं. मग प्रफुलचे फोन आले, त्याने उचलले नाहीत. मोबाइलवर ते तसेच होते. ते पाहिले की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

पण कोरा सिलेंडर असताना ब्रेक गेलाच कसा?

प्रफुलची बायको रोशनी हेच विचारत होती. "भाऊजी, ब्रेक तर नवाच टाकलता यायनं. मंग काऊन असं झालं?"

धनंजयने प्रफुलच्या पायांवर हात ठेवला. "वहिनी, ज्याच्यापायी हे झालं त्याले मी सोडत नाई. याची शपथ आहे."

भावाने अग्नी दिला. सहलीला निघताना सगळ्यांनी एकदा भोंगा वाजवायचा, ही प्रफुलनेच पाडलेली प्रथा. आज सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजले.

लहानू मिस्त्री लांब चिंचेखाली उभा होता. दोन्ही गाड्या त्याच्याच हातच्या. निळी तर कार्बोरेटरच्या कामाला आठ दिवस त्याच्या शेडमध्येच होती. आज सकाळी धनंजय ती घ्यायला गेला तेव्हा शेडवर कोणी नव्हतं. चावी घेऊन तो तसाच निघाला. आता लहानू त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. चोराच्या मनात चांदणं!

धनंजयने त्याची कॉलर धरली. "काय केलं तू त्याच्या ब्रेकले? खरं सांग!"

लहानूला रडू फुटलं. "मी नाई म्हणत होतो भाऊ, पण त्यानं ऐकलंच नाई. सोमवारी शेडवर आला. म्हणे, माह्या गाडीतला कोरा काढ. दुसरा भेटेपर्यंत जुन्यावर भागवतो म्हणे, मले सवय होईन."

"कोणता जुना?"

"तो तुम्हाले फोन लावून राह्यलता. तुम्ही उचलले नाई. म्हणे, राहू दे, गाडी चालवली का समजन त्याले, राग बी जाईन त्याचा."

धनंजयची पकड सुटली. लहानू त्याच्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहत होता.

"भाऊ, सकाळपासून निळी चालवून राह्यले तुम्ही," तो म्हणाला. "एका दाबात थांबून राह्यली नं?"