कोरी चकती

ओराझगुल काही केल्या बसेना. कैरोल्लानं स्टूल पुढे सरकवलं, चहा ओतला, पण ती टेबलापाशी उभीच. अल्माटीच्या बागेत रविवारी जुनी नाणी विकायला बसणाऱ्यांत कैरोल्लाचा शब्द शेवटचा, म्हणून कुणीतरी तिला त्याच्याकडे धाडलं होतं. रुमालाची गाठ तिच्या बोटांना सुटेना. शेवटी त्यानंच ती सोडली.

आत पांढऱ्या धातूची गोल चकती होती. पन्नास तेंगेच्या नाण्याएवढी, दोन्ही बाजूंनी कोरी.

"ही चोरीची आहे का, एवढंच सांगा, आगाय."

मग तिनं तुटक तुटक सांगितलं. तिचा नवरा बेकझात टांकसाळीत कामाला होता. एकदा बाजारातून खरबूज घेऊन आला आणि सुट्ट्या पैशांत काय मिळालं बघ म्हणून हसत हसत त्यानं ही चकती दाखवली. पुढे कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. बोभाटा नको म्हणून साहेबांनी चकती मागितलीसुद्धा नाही, नुसता राजीनामा लिहून घेतला. त्यानंतर बेकझात आयुष्यभर पोती उचलत राहिला. तरी गोष्ट फुटलीच; गावात त्याचा सलाम कुणी घेत नसे. तो आता गेला होता आणि शुक्रवारी त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं.

कैरोल्लानं तराजू पुढे ओढला. अशा चकत्या बहुतेक चोरीच्याच निघतात आणि ते विधवेला तोंडावर सांगणं त्याला नको होतं. त्यानं चकती तोलली. वजन बरोबर. कड चहूबाजूंनी उचललेली, म्हणजे नाणं घासून कुणी बनवलेली नव्हे. मग त्यानं भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"चोरीची असती तर कशी दिसली असती?" तिनं विचारलं.

"स्वच्छ. ही बघा, किती मार खाल्लाय हिनं." तो भराभर बोलू लागला. शिक्का चुकून न बसताच एखादी चकती यंत्रातून घरंगळते, तयार नाण्यांत मिसळते आणि पिशवीतून बँकेत जाते. मूठभर नाण्यांत ती कुणाच्या ध्यानात येत नाही. हिच्या अंगावर दुसऱ्या नाण्यांच्या दातेरी कडांचे वण होते, नाणी मोजणाऱ्या यंत्राच्या चाकाचा कमानदार ओरखडा होता आणि वणांत गल्ल्यातला जुना मळ बसला होता. बेकझातच्या हाती येण्याआधी ही पुष्कळ फिरली होती.

"पुन्हा एकदा बघा ना."

त्यानं पुन्हा पाहिलं. एवढी वर्षं सोसल्यावर चांगल्या बातमीवर विश्वास बसत नाही, हे त्याला कळत होतं.

"खरबूजवाल्याकडूनच आली, बाई. तुमचा माणूस खरं बोलत होता."

ती स्टुलावर बसली. हात मांडीवर, नजर चहाच्या पेल्यावर. कैरोल्लाला तिच्याहून जास्त भरून आलं. शुक्रवारी आपण स्वतः जेवणाला येऊ, सगळ्या वडीलधाऱ्यांपुढे भिंग ठेवून हे दाखवू, असं त्यानं सांगून टाकलं.

"आणि ज्यानं साहेबांकडे चुगली केली, त्याच्या तोंडावर सांगतो. आहे का तो अजून?"

"आहे."

"कोण?"

"मी," ओराझगुल म्हणाली.