पळणाऱ्या पोरीचे पाय

“पाय चुकलेत,” तुरातबेक चित्रावरची नजर न काढता म्हणाले. “बाकी सगळं झकास. पाय तेवढे चुकलेत.”

कागदाचा वर आलेला कोपरा बेगिमायनं बोटानं दाबून धरला.

चित्रात अंगणभर माणसं होती. चहाची वाटी तोंडाशी नेता नेता थांबलेल्या म्हाताऱ्या, तळलेल्या बोरसोकच्या घासानं गाल फुगलेली पोरं, खुंट्याला बांधलेलं शिंगरू. आणि मधोमध एक चिमुरडी. मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांभोवती काळा-पांढरा दोरा गुंडाळायचा, मोठ्या पोरांनी लांबून शर्यत लावत यायचं, आणि पहिला येईल त्यानं तो कापायचा. म्हणजे ते मूल पुढं कुठं अडखळत नाही. बेगिमायच्या पुस्तकात दोरा तुटताच पोर पळत सुटायची. अंगणातून, नदीकाठानं, थेट डोंगरापर्यंत. आणि प्रत्येक पानावर तिचे पाय जमिनीच्या वीतभर वर.

“भूत काढलंयस का गं?” मागच्या बाकावरचा कनात नावाचा पोरगा ओरडला. “पाय टेकत नाहीत ते!”

वर्ग हसला. बेगिमायही हसली, जरा उशिरा.

बिश्केकच्या या कलाशाळेत शिकवता शिकवता तुरातबेक आगायांचे, म्हणजे गुरुजींचे, केस पांढरे झाले होते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला त्यांनी पुष्कळांना शिकवलं; असा हात क्वचित पाहिला. पहिल्याच दिवशी ही पोर म्हणाली होती, “मला मुलांची पुस्तकंच काढायचीत, आगाय. दुसरं काही येत नाही, आणि शिकायचंही नाही.” वर्गात ती सगळ्यांत शेवटी यायची आणि सगळ्यांच्या आधी निघायची. बाकीचे चहाला गेले की एका हातात पाव नि दुसऱ्या हातात कुंचला धरून रिकाम्या वर्गात बसून राहायची.

“असले रंग तुला सुचतात कुठून?” त्यांनी एकदा विचारलं होतं.

“मुलगी सांगते, आगाय. आयपेरी. पाच वर्षांची आहे, तोंडाला खळ म्हणून नाही. ती सांगते, मी काढते.”

आता अल्माटीची प्रकाशकबाई यायची होती. वर्गातलं एकच पुस्तक ती छापायला नेणार होती. बेगिमायचं गेलं तर तिची वाट मोकळी झाली. पण हे पाय!

“सोपं काम आहे,” तुरातबेक म्हणाले. “लेकीला अंगणात सोड आणि तू पायरीवर बसून बघ. टाच कधी टेकते, अंगठा कधी सुटतो. या वयाची पोरं थांब म्हटलं तरी थांबत नाहीत.”

“माझी थांबते.”

“गुणाची आहे मग.”

“हो.” तिनं कुंचला पुसला, पुन्हा पुसला. “आगाय, हे असेच ठेवले तर? तिनं असंच सांगितलंय.”

“अगं, पाच वर्षांच्या पोरीचं ऐकून तुझं पोट भरणार आहे का? ती बाई म्हणेल, हिनं कधी मूल पळताना पाहिलंय की नाही! चित्राला वजन हवं, पोरी. वजन नाही तर कुणाला खरं वाटणार? दुरुस्त कर. नाहीतर मी हे पुढं पाठवणार नाही.”

पुढच्या आठवड्यात ट्रॉलीबसच्या खिडकीतून त्यांना ती दिसली. बालवाडीच्या कुंपणाला टेकून, पायाखालच्या बर्फात उभ्या उभ्या ती दुसऱ्यांच्या पोरांचे पाय कागदावर काढत होती. तुरातबेकना रागच आला. स्वतःची लेक घरी कुणाच्या तरी गळ्यात टाकायची आणि परक्यांची बघत हिंडायचं! घटकाभर त्या पोरीलाच अंगणात नेलं असतं तर काय बिघडलं असतं? या आजकालच्या आया!

पाय मात्र खाली आले. पानापानावर टाच, टाचेखाली धूळ, धुळीत सावली. बेगिमायनं चित्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला.

“घ्या, आगाय. टेकले.”

“वा! आता कशी जिवंत झाली बघ. लेकीला दाखवलंस?”

“नाही.”

“का गं?”

“पुस्तक होऊ दे. मग बघू.”

पुस्तक झालं. रस्त्याकडेच्या पॉपलरांचा कापूस उडायला लागला होता, तेव्हा पहिली प्रत तुरातबेकच्या हाती आली. त्यांना राहवेना. ते स्वतःच तिच्या घराच्या पायऱ्या चढले.

दार बेगिमायनं उघडलं. कोपरापर्यंत पीठ.

“आगाय! तुम्ही कशाला… मी आले असते.”

“तुझ्याकडे आलंय कोण? जिनं सांगितलं तिच्याकडे आलोय.” त्यांनी पाठीमागं धरलेलं पुस्तक पुढं केलं. “बोलाव तिला. पळत ये म्हणावं.”

बेगिमाय दारातून हलली नाही. “झोपलीय ती.”

“मी कुठं झोपलेय?” आतून खणखणीत आवाज आला. “आई, कोण आलंय गं?”

तुरातबेक हसत आत शिरले. पोर खिडकीपाशी गाद्यांवर बसली होती, कमरेपर्यंत गोधडी ओढून. वडीलधारं माणूस आलं तरी ती उठली नाही. शहरातली पोरं, ते मनात म्हणाले, आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले.

“ओळख बघू, ही पळतेय कोण?”

“मीच की!” तिनं पुस्तक ओढूनच घेतलं. गोधडी सरकली; खालचे काडीसारखे पाय होते तसेच पडून राहिले.

एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग थांबली. तिचं बोट चित्रातल्या टाचेवर आलं, तिथून सावलीवर, सावलीवरून खालच्या मातीवर. दारात उभ्या आईकडे तिनं पाहिलं. आई खाली बघत होती. मग ती तुरातबेककडे वळली.

“आजोबा,” तिनं हळूच विचारलं, “पळताना पाय खाली टेकतात?”