ट्रेव्हरचा अंगठा

ट्रेव्हरने ग्लेनिसच्या पाठीवरच्या हवेच्या सिलेंडरची तोटी पुन्हा एकदा उघडून पाहिली, तसा तिचा पारा चढला.

"अरे, किती वेळा बघशील? गळत नाहीये काही."

"बघू दे गं. बिघडलं कुठे?"

रॅपिड बे या खाडीतल्या धक्क्याच्या टोकाला, पाण्यात उतरणाऱ्या लोखंडी पायऱ्यांवर दोघं नवरा-बायको बसली होती. अंगात रबरी पोशाख, पाठीवर सिलेंडर, पायांत पोहायच्या फिन्स. खालचं पाणी इतकं नितळ, की खांबांना चिकटलेले शिंपले मोजून घ्यावेत. नोव्हेंबर लागला होता. अंगभर पानं फुटल्यासारखे दिसणारे सीड्रॅगन मासे याच दिवसांत धक्क्याखाली सापडतात, आणि त्यांच्यातले बाप शेपटीला अंडी चिकटवून गरोदर बाईसारखे जपून हिंडत असतात. लग्न झाल्यापासून या दोघांनी तो सोहळा कधी चुकवला नव्हता. चुकला तो फक्त गेल्या वर्षी.

गेल्या वर्षी हिवाळ्यात ग्लेनिसला न्यूमोनिया झाला. चांगलाच झाला. जिवावरचं दुखणं निभावून ती घरी आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की छातीत थोडा जरी कफ अडकून राहिला तर खोलातून वर येताना त्याच्यामागची हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. तेव्हा घाई करायची नाही. ग्लेनिसने घाई केली नाही. खोकला गेला, एक्स-रे स्वच्छ आला, मागच्या टेकडीची उभी चढण ती न थांबता चढू लागली. उलट तिच्या मागून येणारा ट्रेव्हरच मध्येमध्ये गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा. शेवटी डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "माझ्याकडून मोकळ्या आहात. कधी उतरायचं ते आता तुमचं तुम्ही ठरवा."

इथेच घोडं अडलं. ग्लेनिस म्हणायची, उद्या जाऊ. ट्रेव्हर म्हणायचा, वारा आहे. पाणी गढूळ आहे. पुढच्या आठवड्यात बघू. ती दुपारी सोफ्यावर लवंडली, की हा पेपर खाली ठेवून तिचा श्वास ऐकत बसायचा. डोळे मिटूनही तिला ते कळायचं, आणि संताप यायचा. संतापाच्या खाली भीती होती. पासष्टी उलटलेल्या बाईला एकदा 'नको' म्हटलं, की ते 'नको' जन्माला पुरतं, हे तिने आपल्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

आज ती हट्टालाच पेटली. "तू येत नसशील तर मी दुसरा जोडीदार बघते," असं तिने न्याहारीलाच सुनावलं. ट्रेव्हरने टोस्ट अर्धा टाकला आणि मुकाट्याने गाडीत सामान भरलं.

"चल," ती म्हणाली. मुखवटा चढवला, हवेची नळी तोंडात धरली, आणि उतरण्याआधी सवयीने त्याच्याकडे पाहिलं.

ट्रेव्हरने अंगठा वर केला.

वर कठड्यापाशी म्हातारा लाकिस माकुलासाठी गळ टाकून बसला होता. "वा रे वा!" तो ओरडला. "बघ ग्लेनिस, नवरा म्हणतोय झक्कास! जा बिनधास्त!"

लाकिसला काय ठाऊक! पाणबुड्यांच्या खुणांमध्ये झक्कास म्हणायचं तर अंगठा आणि बोट जुळवून कडं करतात. वर केलेला अंगठा म्हणजे, वर चल, आजचं रद्द. दोघांपैकी कुणीही तो दाखवावा, आणि दुसऱ्याने का म्हणून विचारू नये, असा नियम.

ग्लेनिसने तोंडातली नळी काढली. तिचे डोळे भरून आले होते. नियम गेला खड्ड्यात.

"अरे, माझी छाती साफ आहे! सगळे सांगतायत. तुझाच तेवढा विश्वास नाही. म्हातारी झाले मी आता, असंच ना?"

"तुझी छाती ठणठणीत आहे. मला माहितेय."

"मग का?"

ट्रेव्हरने मोजा काढावा तसा हातमोजा ओढून काढला. "हॉस्पिटलात तुझ्या तोंडात नळी घातली होती ना, तेव्हा मी काचेबाहेर उभा होतो. आत्ता तू ही तोंडात धरलीस, आणि मला तेच दिसलं गं. दर वेळी तेच दिसतं. खाली जाऊन मीच घाबरलो, तर तुझ्या काय कामाचा मी? तुला सांगायची लाज वाटत होती, म्हणून आपला वाऱ्यावर ढकलत होतो."

लाकिसने तोंड फिरवून गळ उगाचच गुंडाळायला घेतला.

ग्लेनिस नवऱ्याकडे बघत राहिली. मग फिन्स काढून ती त्याच्या शेजारी सरकली आणि त्याचा गार पडलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "म्हणजे आजारातून अजून उठायचंय ते तुला होय!"