पायाखालची सावली

"हिवाळ्यात विजेला सोन्याचा भाव येतो, तेव्हा इथे ऊन असतंच कुठे?" चहा ठेवत शर्वरीनं विचारलं. उत्तर फिनलंडमध्ये राहून तिचा उन्हावरचा विश्वास केव्हाच उडाला होता.

"वहिनी, उन्हाळाच वर्षभराची कमाई करून देतो," भागीदारी विकायला आलेला खटावकर म्हणाला. "हा बघा आपला सौर प्रकल्प, इथून तासाभरावर. गेल्या जूनमधला फोटो."

नवऱ्यानं सहीसाठी पेन काढलंसुद्धा. शर्वरी मात्र फोटोतल्या कामगाराकडे बघत राहिली. त्याची सावली पायाखाली गोळा झाली होती. खिडकीबाहेरही जूनचीच भर दुपार होती, पण खांबाची सावली खांबाएवढीच लांब पडली होती.

"भावोजी, एवढं डोक्यावरचं ऊन आमच्या सोलापुरात पडतं. इथे नाही."

खटावकरनं कप उचलून न पिताच फोटोवर ठेवला.