कुत्रा कुणाचा?

लाइटचं मीटर बघायला गेलेल्या काकांच्या पोटरीचा बंगलेवाल्या बाईंच्या कुत्र्याने लचका तोडला. इंजेक्शन टोचताना डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस तो कुत्रा ठणठणीत राहतो का, रोज बघून या."

पुन्हा चावू नये म्हणून काका जाताना बिस्किटं न्यायला लागले. भरपाईचा दावाही ठोकला.

कोर्टात बाईंनी कानावर हात ठेवले. "कुत्रा आमचा नाहीच मुळी!"

"सोडा त्याला," कोर्टात बांधून आणलेल्या कुत्र्याकडे बघत न्यायाधीश म्हणाले. "मालक असेल त्याच्याकडे जाईल."

कुत्रा सुसाट धावला आणि काकांच्या मांडीवर चढून त्यांचं तोंड चाटू लागला.



"कमाल आहे तुमची!" न्यायाधीश काकांवर कडाडले. "स्वतःचा कुत्रा आवरत नाही, आणि भरपाई लोकांकडे मागता?"